वेस्टर्न-हॉररच्या शूटिंगला निघण्याआधी

तारखा ठरवण्याआधी पटकथेच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहा: पात्रांना मदत किती दिवसांवर आहे? वेस्टर्नमधलं, म्हणजे काउबॉय-घोड्यांच्या अमेरिकी सिनेमातलं, मोकळं माळरान भयपटात यावरच चालतं. दूरवर दिसतं सगळं, पण हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. हा आकडा डळमळीत असेल तर राक्षसावर कितीही पैसे ओता, भीती बसत नाही.

मग २०१५चा ‘बोन टॉमाहॉक’ वही घेऊन बघा. सुमारे १८ लाख डॉलर खर्च, २१ दिवसांचं शूटिंग. नरभक्षकांच्या मागावर निघालेल्या चौघांचे घोडे वाटेत चोरीला जातात आणि ते पायी निघतात, त्यातल्या एकाचा पाय आधीच मोडलेला. कथा तिथे घट्ट होते, शिवाय पुढच्या प्रवासात घोडेही लागत नाहीत. आपल्या पटकथेत घोडे नेमके कोणत्या सीनला हवेत ते असंच मोजा. गोळीबाराची सवय नसलेला घोडा बंदुकीजवळ उभा करूच नका.

बंदुकांच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करणार नाही. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या वेस्टर्नच्या सेटवर रिव्हॉल्वरमधून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हलिना हचिन्स गेल्या. म्हणून सेटवर खरी गोळी एकही नको. लांबच्या शॉटला रबरी बंदूक द्या, नळीतला जाळ एडिटिंगच्या वेळी घाला. ‘रिकामी आहे’ असं कुणी म्हटलं तरी प्रत्येक वेळी उघडून दाखवायला लावा.

रात्रीचे सीन कमी करा. भर उन्हात सूर्य पात्रांच्या पाठीशी ठेवून, आभाळ फ्रेमबाहेर काढून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) उतरवलं की चांदणं भासतं. पण चाचणी आधी घ्या. आवाजाचा माणूस मात्र रेकीलाच (शूटिंगची जागा आधी पाहण्याच्या फेरीला) न्या. ‘बोन टॉमाहॉक’मधल्या नरभक्षकांच्या घशातच हाडाची शिट्टी रोवलेली आहे; ते दिसण्याआधी तीच काळजात धडकी भरवते. तुमचा राक्षस कसा ऐकू येतो हे ठरलं, तर मेकअप अर्धाच लागेल.

राक्षसाला मूळ अमेरिकन जमातींसारखं रंगवण्याची वेस्टर्नची जुनी खोड आहे. त्या समाजातल्या जाणकाराला मानधन देऊन पहिला खर्डा वाचायला द्या. ‘हे आमचे लोक नव्हेत’ असा एक संवाद घालून ते ओझं उतरत नाही, असं मला मनापासून वाटतं.

पाणी, प्रथमोपचार, सावलीचा तंबू हे आलंच. कॉलशीटवर (त्या दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर) जवळच्या हॉस्पिटलचा रस्ता आणि लागणारी मिनिटं लिहा. ती मिनिटं रेकीच्या दिवशीच गाडी चालवून मोजा.