दिवे मागे, ढोलकी पुढे

यंदा दिवाळीत सांगलीतल्या आमच्या गच्चीवरच्या पिक्सेल माळा (ज्यातला प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो) गाण्यावर नाचवायच्या, असं ठरलं. साडेपाच मिनिटं कोण बघत उभं राहणार? ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं कापून अडीच मिनिटांवर आणलं. ठेका अडखळायला लागला. धाकटा भाऊ तबला शिकतोय, म्हणाला, "दादा, केरवा आहे, आठ मात्रांचं आवर्तन पुरं होऊ दे, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर काप." तसं केलं, झेड दाबून कट शून्यरेषेवर, म्हणजे ध्वनीची लहर शून्य ओलांडते तिथे आणला, तेव्हा सांध्यातलं 'टक्'ही गेलं.

खरी डोकेदुखी पुढे. एक्सलाइट्स या दिवे गाण्याशी जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला दिवे अचूक, शेवटी मात्र ढोलकी वाजून गेल्यावर पेटायचे. दोन रात्री कंट्रोलरच्या वायरी तपासत बसलो, उगाच! गाण्याची एमपीथ्री फाइल व्हेरिएबल बिटरेटची होती, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा कमी-जास्त होणारी. त्यात वेळेचा हिशेब सरकतो. कॉन्स्टंट १९२ केबीपीएस, ४४,१०० हर्ट्झवर पुन्हा एक्स्पोर्ट केली. एमपीथ्री होताना सुरुवातीला किंचित शांतता चिकटते, म्हणून टायमिंगच्या खुणाही या नव्या फाइलवरच मारल्या, २५ मिलिसेकंदांच्या फ्रेमनं, म्हणजे दर तेवढ्या वेळानं दिवे बदलू शकतील अशा.

वसुबारसेला शेजारच्या काकू भडंगाचा डबा घेऊन गेटात थांबल्या. गाणं संपलं तशा म्हणाल्या, "परत लाव की रे!"