पोटाचा घेर आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर: मोजायचं काय, उतरवायचं कसं, तपासायचं कधी

हातपाय बेताचे आणि पोट मात्र पुढे आलेलं, अशा माणसाचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) पुष्कळदा 'ठीक' येतो आणि तो निर्धास्त राहतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या बाबतीत ही निर्धास्ती फसवी आहे. त्वचेखाली, मांड्यांवर साठलेली चरबी त्यामानाने निरुपद्रवी. पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साठलेली चरबी खरी त्रासदायक, आणि ती वजनकाट्याला वेगळी ओळखता येत नाही. म्हणून सुरुवात काट्यापासून न करता मोजपट्टीपासून करा.

घेर कसा मोजायचा

शिवणकामाची, न ताणली जाणारी टेप घ्या. वापरून सैल झालेली टेप एक-दोन सेंटिमीटर सहज चोरते. आधी ती पोलादी पट्टीशी ताडून पाहा. मोजायची वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. पोट उघडं ठेवा, पाय जवळ घ्या, हात बाजूला सैल सोडा.

आता कुशीत बोटांनी चाचपा. सगळ्यात खालच्या बरगडीची कड लागेल, तिथे पेनाने खूण करा. मग कमरेवर हात ठेवल्यावर जे हाड तळव्याला लागतं, त्याच्या वरच्या काठावर दुसरी खूण करा. टेप या दोन खुणांच्या बरोबर मधोमध फिरवायची. बेंबीचा आधार घेऊ नका. पोट सुटलं की बेंबी खाली सरकते आणि मापही तिच्यामागे जातं. टेप मागे पाठीवर खाली घसरलेली नाही ना, हे आरशात पाहा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि तो सोडून झाल्यावर आकडा वाचा. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको. दोनदा मोजा. दोन्ही मापांत एक सेंटिमीटरच्या आत फरक असेल तर सरासरी धरा. जास्त असेल तर दोन्ही मापं सोडून द्या आणि पुन्हा मोजा.

सर्वांत जास्त चुका दोन ठिकाणी होतात. एक, नकळत पोट आत ओढलं जातं. दुसरी, पँटचा नंबर हाच घेर समजला जातो. ढेरी आलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो, त्यामुळे पोट दहा सेंटिमीटरने वाढलं तरी पँटचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहू शकतो.

आकडा वाचताना सोपा नियम असा: घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. उंची १६८ सेंटिमीटर असेल तर घेर ८४च्या आत. याशिवाय वंशानुसार ठरवलेल्या मर्यादा आहेत. दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर. युरोपीय वंशाच्या पुरुषांसाठी ९४ आणि स्त्रियांसाठी ८०. बीएमआयचंही तसंच आहे. जगभर २५ आणि ३० हे टप्पे वापरतात, पण आशियाई वंशाच्या लोकांसाठी २३ आणि २७.५ या आकड्यांपासूनच सावध व्हावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण तेवढ्याच बीएमआयला त्यांच्या पोटात चरबी जास्त सापडते. गरोदरपणात, पोटात पाणी झालं असताना किंवा मोठा हर्निया असताना घेराच्या मापाला अर्थ नसतो.

चरबी आतड्यापर्यंत पोचते कशी

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात लक्षावधी सूक्ष्म खड्डे असतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मूळ पेशी असतात. त्यांच्यापासून नव्या पेशी होतात, त्या हळूहळू वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत पृष्ठभागावर पोचून गळून पडतात. शरीरात इतक्या वेगाने नव्याने घडणारे भाग थोडेच. जिथे इतकी नक्कल सतत चालू असते तिथे नकलेत चुका होणारच. एरवी चुकलेली पेशी मरते आणि विषय संपतो.

पोटातली चरबी इथेच ढवळाढवळ करते. ती नुसती साठवण नाही. ती रक्तात रसायनं सोडते. तिच्यातली मेदाम्लं पोर्टल व्हेन या आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतून थेट यकृतात उतरतात. यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतू लागतं. इन्सुलिन साखर सांभाळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते पेशींना 'वाढा' असा निरोपही देतं, हे कमी जणांना ठाऊक असतं. त्याच्या जोडीला आयजीएफ-१ हे वाढीचं संप्रेरक जास्त मोकळं होतं. दोघं मिळून जी पेशी मरायला हवी होती तिला जगवतात. शिवाय चरबीत शिरलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दाह धुमसत ठेवतात. चरबीच बनवते अशा संप्रेरकांपैकी लेप्टिन वाढतं आणि रक्षण करणारं ॲडिपोनेक्टिन घटतं. म्हणजे चूक झालेली पेशी, तिला खतपाणी आणि भोवती सतत धुमसणारा दाह, असं सगळं एकाच जागी जमून येतं.

हे सगळं सावकाश होतं. छोट्या पॉलिपचा (अस्तरावर उगवलेल्या गाठीचा) कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. या सावकाशपणामुळेच हा कॅन्सर टाळता येतो.

धोका नेमका किती

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ साली जादा चरबीशी पक्का संबंध असलेल्या १३ कॅन्सरची यादी दिली. त्यात मोठं आतडं आणि गुदाशय यांचा कॅन्सर आहे. लठ्ठ माणसाला हा कॅन्सर होण्याची शक्यता प्रमाणबद्ध वजनाच्या माणसापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त असते. हा संबंध स्त्रियांपेक्षा पुरुषांत ठळक दिसतो, आणि गुदाशयापेक्षा कोलनमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या गुदाशयाआधीच्या भागात.

३० टक्के म्हणजे शंभरातल्या तीस लठ्ठांना कॅन्सर होतो, असा अर्थ काढू नका. समजा, प्रमाणबद्ध वजनाच्या हजार जणांपैकी आयुष्यभरात ४० जणांना हा कॅन्सर होतो. तर हजार लठ्ठ माणसांत तो साधारण ५२ जणांना होईल. बाकीच्यांना होणार नाही. आणि सडसडीत माणसांनाही तो होतोच. आजारी पडलेल्या जाड माणसाला 'वजनामुळेच झालं' असं ऐकवणं म्हणून चुकीचं आहे, आणि क्रूरही. एका माणसाच्या बाबतीत कारण एवढं नेमकं कुणालाच सांगता येत नाही.

घेर कसा उतरवायचा

पहिलं ध्येय छोटं ठेवा: सहा महिन्यांत वजनाच्या ५ ते १० टक्के. ८० किलोच्या माणसासाठी ४ ते ८ किलो. एवढ्यानेही इन्सुलिन आणि दाह यांचे आकडे सुधारतात, आणि पोटातली चरबी सुरुवातीलाच उतरू लागते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कॅलरी कमी घेतल्या तर हिशेबाने आठवड्याला जवळपास अर्धा किलो उतरतो. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो गेले तर हुरळून जाऊ नका, त्यात बहुतेक पाणी असतं. पुढे वजन अडलं तर खचू नका. शरीर हलकं झालं की त्याची गरजही घटते, तेव्हा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. जेवणातून आलेली साखर मुख्यतः स्नायूच उचलतात, त्यामुळे ते गमावून वजन उतरवणं टाळा. प्रत्येक जेवणात प्रथिनं असू द्या, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम करा. कॅलरी कापायला सर्वांत सोपी जागा म्हणजे गोड पेयं; ती पोट भरत नाहीत. दारूचंही तसंच, शिवाय ती स्वतंत्रपणे या कॅन्सरचा धोका वाढवते.

तंतुमय पदार्थ दिवसाला ३० ग्रॅमपर्यंत न्या: अख्खी धान्यं, डाळी, कडधान्यं, भाज्या, सालासकट फळं. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतू आंबवून ब्युटिरेट तयार करतात, आणि तेच अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. मात्र एका दिवसात दुप्पट तंतू खाल्ले तर पोट फुगतं, कळा येतात आणि माणूस चार दिवसांत सगळं सोडून देतो. आठवड्याला पाचेक ग्रॅमने वाढवा, बरोबर पाणीही वाढवा. सॉसेज, हॅम, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ते शक्यतो सोडाच. लाल मांस आठवड्याला शिजवलेलं ५०० ग्रॅमच्या आत ठेवा.

व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, मध्यम जोराचा. बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत दम लागला की वेग बरोबर. वजन तसूभर हललं नाही तरी व्यायामाने कोलनच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. काटा जागेवर आणि घेर दोन सेंटिमीटरने कमी, असंही होतं. म्हणून महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच पद्धतीने घेर मोजून वजनासह वहीत लिहा. चरबीचे टक्के सांगणाऱ्या काट्यांवर विसंबू नका. पाणी कमीजास्त प्यायलं तरी त्यांचा आकडा बदलतो.

वजन उतरवलं तरी तपासणी चुकवू नका

घेर कमी झाला तरी आधीच उगवलेला पॉलिप आपोआप जात नाही. तो शोधून काढावा लागतो. घरात कुणाला हा कॅन्सर नसेल तर वयाच्या ४५व्या वर्षापासून तपासणी सुरू करावी, असं अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना सांगतात. काही देशांत ती ५०व्या वर्षी सुरू होते. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा अपत्य यांपैकी कुणाला झाला असेल तर ४०व्या वर्षी, किंवा त्यांचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा.

मळातल्या दडलेल्या रक्ताची फिट नावाची तपासणी दरवर्षी करता येते. नमुना पाण्यात पडण्याआधी घ्या, काडी मळावर पाच-सहा ठिकाणी फिरवा, जास्त भरू नका. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त जात असताना नमुना घेऊ नका. अहवाल पॉझिटिव्ह आला तर पुढची पायरी कोलोनोस्कोपीच, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून पाहणं. 'पुन्हा एकदा फिट करून बघू' म्हणत दुसऱ्या निगेटिव्ह अहवालावर समाधान मानणं ही घातक चूक आहे. तसंच रक्तातला सीईए (काही कॅन्सरमध्ये वाढणारं एक प्रथिन) नॉर्मल आला म्हणून कॅन्सर नाही असं ठरत नाही. ती चाळणी तपासणी नव्हे.

कोलोनोस्कोपी निर्दोष निघाली तर सहसा दहा वर्षांनी पुन्हा. जादा वजन, मधुमेह किंवा बद्धकोष्ठता असलेल्यांचं आतडं नीट साफ होत नाही, असं जास्त वेळा घडतं, आणि मळाआड छोटा पॉलिप सहज लपतो. म्हणून जुलाबाचं औषध दोन हप्त्यांत विभागून घ्यायचं का, हे आधीच विचारा: निम्मं आदल्या संध्याकाळी, निम्मं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. शेवटी बाहेर येणारं पाणी लघवीसारखं पिवळसर आणि आरपार दिसणारं हवं. ते गढूळ किंवा तपकिरी असेल तर निघण्यापूर्वी फोन करून सांगा. झोपेत घोरताना श्वास अडकत असेल तर भूल देणाऱ्याला कळवा. रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन किंवा वजन उतरवणारी इंजेक्शनं चालू असतील तर तेही आठवडाभर आधीच सांगा. या इंजेक्शनांनी जठर उशिरा रिकामं होतं.

या लक्षणांना वय पाहू नका

शौचातून रक्त, काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, पोट साफ न झाल्याची सततची भावना, लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया. वय तिशीचं असलं तरी डॉक्टरांना दाखवा. रक्त दिसलं की मूळव्याध समजून महिनोन्महिने मलम लावत बसणं, यात फार मोलाचा वेळ जातो. मूळव्याध असलेल्या माणसालाही कॅन्सर होऊ शकतो.

आणि एक लक्षण असं आहे की त्याबद्दल चारचौघांत कौतुक होतं: काही न करता उतरलेलं वजन. खाणं तेच, चालणं तेच, तरी सहा महिने ते वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन गेलं, तर डॉक्टरांकडे जा आणि ती महिन्यामहिन्याची वही बरोबर न्या. वजन कधीपासून उतरू लागलं आणि त्या महिन्यात तुम्ही खाण्याचालण्यात काही बदललं होतं का, हेच ते पहिल्यांदा विचारतील.