टोकन देऊन तारखा देणारा गिऱ्हाईक: माझा अनुभव

फ्लॅटचं टोकन देऊन "लोन होतंय हो, पुढच्या आठवड्यात" म्हणणारा खरेदीदार मिळाला की फोन करत बसू नका. विसार पावती (टोकन घेताना दोघांनी सही केलेला अटींचा कागद) काढून मुदत बघा. माझ्या पावतीत ४५ दिवस लिहिले होते, म्हणून सुटलो. वकिलामार्फत स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस पाठवली: बँकेचं मंजुरीपत्र दाखवा, नाहीतर व्यवहार रद्द. टोकन परत केलं, बँकेतूनच, आणि रद्द झाल्याची सही मूळ पावतीवरच घेतली.

साठेखत (विक्रीचा करार) नोंदवलेलं असेल तर मात्र नोटिशीवर भागत नाही. इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्यावर, त्या खरेदीदाराचं नाव राहतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाची बँक सर्च रिपोर्टमध्ये (मालकीच्या जुन्या नोंदींच्या तपासणीत) तिथेच अडते. मग दोघांच्या सह्यांचा रद्दलेख नोंदवावा लागतो, आणि रुसलेला माणूस दुय्यम निबंधकाकडे सहजी येत नाही. म्हणून मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय साठेखत नोंदवूच नये.

टोकन २०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर रोख घेऊ नका. आयकर कायद्यात दंड आहे. जप्त केलेलं टोकनही करपात्र उत्पन्नच धरतात. चावी आणि मूळ कागद? पूर्ण पैसे खात्यात पडेपर्यंत आपल्याच कपाटात.