डॅन्बी, २५ मार्च आणि माझं फुकट गेलेलं प्रकरण

सतराव्या शतकातल्या इंग्लंडवर काम करायचं ठरवलं असेल, तर स्टुअर्ट राजे, यादवी युद्ध, १६६० साली चार्ल्स दुसऱ्याचं परत येणं हे सगळं तुम्हाला येतं असं धरूनच लिहिते. येत नसेल तर आधी तेवढं करून या, मी इथेच आहे.

माझा माणूस टॉमस ऑसबर्न. यॉर्कशरमधला बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरागत ‘सर’. १६६५ मध्ये यॉर्कमधून कॉमन्सवर, म्हणजे पार्लमेंटच्या लोकनियुक्त सभागृहावर, निवडून आला, मग नौदलाच्या खजिन्यावर बसला आणि १६७३ साली थेट लॉर्ड ट्रेझरर झाला. म्हणजे नावाला खजिनदार, व्यवहारात राजाचा मुख्य कारभारी. पुढच्या वर्षी, २७ जून १६७४ ला, अर्ल ऑफ डॅन्बी. (रायगडावरच्या राज्याभिषेकाला त्या दिवशी बरोबर तीन आठवडे झाले होते. अभ्यासाला याचा उपयोग शून्य, पण तारीख डोक्यात पक्की बसते.)

प्रबंधाला हा विषय घेऊ नकोस असं मला तिघांनी सांगितलं. ‘क्रॉमवेल घे, एलिझाबेथ घे, पुस्तकं मिळतात.’ पुस्तकं मिळतात हे खरं, पण त्यांवर आपण काय नवीन लिहिणार हे त्या तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. डॅन्बी मला आवडला तो त्याच्या गोचीमुळे. चर्च ऑफ इंग्लंडचा कट्टर माणूस, फ्रान्सवर मनातून राग. नोव्हेंबर १६७७ मध्ये राजाची पुतणी मेरी हिचं लग्न हॉलंडच्या विल्यमशी लावून देण्यात पुढाकार त्याचा, आणि हा विल्यम फ्रान्सचा हाडवैरी. कॉमन्समध्ये राजाच्या बाजूने हात वर करणारी माणसं पेन्शनी आणि पदं वाटून जमवली तीही यानेच. आणि याच माणसाने राजाच्या हुकमावरून पॅरिसमधला राजदूत राल्फ मॉन्टेग्यू याला पत्र लिहिलं, की चौदाव्या लुईकडे तीन वर्षं दरसाल साठ लाख लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) मागा. बदल्यात इंग्लंड युद्धात पडणार नाही. पत्राखाली राजाने स्वतःच्या हाताने मान्यतेचा शेरा मारला. तारीख २५ मार्च १६७८.

या तारखेनेच मला बुडवलं. आता जरा सावकाश वाचा, कारण बाकी सगळं तुम्ही विसरलात तरी चालेल.

फ्रान्सशी युद्ध करायला पैसे उभारण्याचा कायदा पार्लमेंटने केला होता, त्याला राजाची संमती मिळाली २० मार्चला. ही तारीख मी एका जुन्या छापील संग्रहातून उतरवून घेतली. तिथे साल होतं १६७७. पत्राची तारीख घेतली आधुनिक पुस्तकातून. २० मार्च १६७७, २५ मार्च १६७८. दोन्ही एकाच वहीत, एकाखाली एक, माझ्या सुवाच्य अक्षरात. मधे एक वर्ष आणि पाच दिवस.

त्या एका वर्षावर मी प्रबंधाचं बावीस पानांचं प्रकरण रचलं. पार्लमेंट पैसे मंजूर करतं, डॅन्बी प्रामाणिकपणे युद्धाच्या तयारीला लागतो, मधे ते लग्न होतं, हळूहळू कॉमन्सचा अविश्वास वाढतो, आणि वर्षभराने हताश होऊन तो फ्रान्सकडे हात पसरतो. ‘एका मुत्सद्द्याचं मतपरिवर्तन’ असं शीर्षकसुद्धा देऊन झालं होतं. वाचताना माझंच मला भरून यायचं.

गाईडकडून प्रकरण परत आलं तेव्हा बावीस पानांत एकही खूण नव्हती. फक्त चौथ्या पानाच्या समासात, त्या दोन तारखांसमोर, पेन्सिलीने दोन शब्द: ‘फाइव्ह डेज’.

पाच दिवस. डॅन्बीचं मत बदलायला वर्ष लागलंच नव्हतं. युद्धासाठी पैसे मंजूर झाल्यावर पाच दिवसांत तो युद्ध न करण्याचे पैसे मागत होता. माझं शीर्षक, माझा हताश मुत्सद्दी, सगळं एका तारखेसरशी आडवं झालं. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

झालं होतं असं. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायद्याचं नवं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे, २५ मार्चला होई. म्हणजे आपण ज्याला २० मार्च १६७८ म्हणतो तो त्यांच्या हिशेबाने १६७७ चा सरता आठवडा. आणि डॅन्बीचं पत्र? ते नेमकं वर्षाच्या पहिल्याच दिवशी लिहिलेलं. पाडव्याला लिहिलेलं पत्र म्हणा ना. त्यामुळे पत्राचं साल जुन्या पद्धतीने १६७८ आणि नव्या पद्धतीनेही १६७८. दोन्हीकडे जुळतंय म्हटल्यावर मला संशय येणार कुठून?

लाज याची वाटते, की मराठी माणसाला हे सांगावं लागू नये. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इसवी काढायला ७८ मिळवले तर १६२९ येतं, आणि ते चूक. फाल्गुनात इसवी साल उलटलेलं असतं, शक मात्र पाडव्यापर्यंत जुनाच. म्हणून ७९ मिळवायचे, तेव्हा कुठे फेब्रुवारी १६३० येतो. हे मला बी.ए.पासून पाठ. तरी इंग्रजी कागद समोर आला आणि डोक्याने गृहीत धरलं, की साहेबाचं साल म्हणजे आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं साल.

आता उदाहरणं करून बघा, हाताने. चार्ल्स पहिल्याचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९, त्या काळच्या कागदांवर १६४८. डॅन्बीचा जन्म २० फेब्रुवारी १६३२, जुन्या हिशेबाने १६३१. चार्ल्स दुसऱ्याने जे पार्लमेंट विसर्जित केलं ती तारीख २४ जानेवारी १६७९, कागदावर १६७८. नीट लिहिणारे लोक तेव्हाही १६७७/८ अशी तिरकी रेघ मारत. अशी रेघ दिसली की हायसं वाटतं. पण सगळे मारत नाहीत. इंग्लंडमधले पंचांगवाले वर्ष जानेवारीपासून धरत, स्कॉटलंडने तर १६०० पासूनच १ जानेवारी स्वीकारला होता. तेव्हा जानेवारी ते २४ मार्च दिसलं की डोळे मिटून एक मिळवायचा, असंही करू नका. लिहिणारा कोण, कुठे बसून लिहितोय, ते बघा.

यावर आणखी दहा दिवसांचा घोळ आहे. फ्रान्समध्ये आपलं आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर, इंग्लंडमध्ये जुनं ज्युलियन. लंडनचा २५ मार्च म्हणजे पॅरिसचा ४ एप्रिल. मॉन्टेग्यू पॅरिसमध्ये, डॅन्बी लंडनमध्ये. कोणी कोणतं कॅलेंडर वापरलंय ते पाहिलं नाही, तर पत्र पोचायच्या आधी उत्तर आलेलं दिसेल. आणि कायद्यांवर तर साल नसतंच, राजाचं राज्यवर्ष असतं. वरच्या त्या युद्धाच्या कायद्यावर चार्ल्सचं २९वं-३०वं वर्ष आहे. गादीवर आला १६६० ला, मग तिसावं वर्ष १६७८ ला कसं? कारण मोजणी बापाचं मुंडकं उडालं त्या दिवसापासून. अकरा वर्षं राज्य नव्हतं, हे त्याच्या वकिलांना मान्य नव्हतं.

आता मी आडवी वही वापरते, पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे कागदावर जे आहे ते जसंच्या तसं, उजवीकडे आपल्या हिशेबाने काढलेली तारीख. डावीकडचं कधीही ‘दुरुस्त’ करत नाही. आधी मी एकच रकाना ठेवायचे आणि मनातल्या मनात बदलून लिहायचे. महिन्याभराने कुठली तारीख बदललेली आणि कुठली नाही, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

तयार सनावळ्या वापरू नका. नेटवरच्या, गाईडबुकातल्या, हल्ली त्या चॅटवाल्याकडून काढून घेतात त्यासुद्धा. त्या चुकीच्या असतात म्हणून नव्हे, बऱ्याचदा बरोबरही असतात. पण त्यात जुनी-नवी साल कोणी कशी बदलली हे लिहिलेलं नसतं, आणि तुमच्या वहीतल्या दुसऱ्या तारखेशेजारी ती बसली की माझ्यासारखं होतं. गाईडबद्दलही एक सांगते. दर भेटीत ‘छान चाललंय’ म्हणणारे माझे आधीचे एक सर होते. त्यांनी ते प्रकरण वाचलं होतं. वाचलं होतं असं ते म्हणाले तरी.

घाबरू नका मात्र. १६७० च्या दशकातलं हस्ताक्षर एलिझाबेथच्या काळातल्यापेक्षा पुष्कळ सरळ आहे. तीन आठवड्यांत डोळा बसतो. वायच्या डोक्यावर बारीक टी दिसला तर तो ‘दॅट’ असतो, स्पेलिंग डोक्यात शिरलं नाही तर मोठ्याने वाचायचं, कानाला कळतं. डॅन्बीचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथे जाणं जमत नसेल तर छापील पत्रं आहेत, पण त्यांत एक खोच आहे. १७१० मध्ये, पंच्याहत्तरी उलटल्यावर, याने स्वतःच आपली पत्रं बचावादाखल छापली. मूळ कागदांशी ताडून पाहिल्यावर कळलं की म्हाताऱ्याने मजकुरात चांगलीच कापाकापी केलीय. मला याचा रागच आला नाही. तारीख न बदलता मजकूर बदलणारा माणूस, आणि मी मजकूर न बदलता तारीख बदलणारी.

पुढचं भराभर सांगते, कारण ते कुठेही मिळेल. मॉन्टेग्यूचं डॅन्बीशी बिनसलं, १९ डिसेंबर १६७८ ला त्याने ती पत्रं कॉमन्समध्ये वाचायला लावली. महाभियोग. राजाने माफी दिली, ती चालते की नाही यावर वाद, आणि डॅन्बी १६७९ पासून पाच वर्षं लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत. महाभियोगाला राजाची माफी आड येणार नाही, हे १७०१ च्या कायद्यात लिहिलं गेलं त्याची मुळं इथे आहेत. राज्यघटना शिकणाऱ्यांनी हा धागा जरूर धरावा. १६८८ मध्ये त्याच हॉलंडच्या विल्यमला इंग्लंडमध्ये बोलावणाऱ्या सात पुढाऱ्यांमध्ये हा होता, यॉर्क शहर त्यानेच ताब्यात घेतलं. मग पुन्हा सत्ता, आणि १६९५ मध्ये पुन्हा महाभियोग, या वेळी ईस्ट इंडिया कंपनीकडून ५,५०० गिनी घेतल्याच्या आरोपावरून. हीच कंपनी तेव्हा मुंबई बेट सांभाळत होती, त्यामुळे आपल्याकडच्या कोणाला कंपनीच्या बाजूने शिरायचं असेल तर हे दार उघडं आहे. मुख्य साक्षीदार, म्हणजे त्याचाच नोकर, पळून गेला आणि खटला उभाच राहिला नाही.

राहिला नावांचा गोंधळ. ऑसबर्न, लॅटिमर, डॅन्बी, १६८९ पासून मार्क्विस ऑफ कारमार्थन, १६९४ पासून ड्यूक ऑफ लीड्स, हा सगळा एकच माणूस. आणि तो एक पायरी वर चढला की खालची पदवी रिवाजाने मुलाच्या नावापुढे लागते. यावर मी वेगळा परिच्छेद लिहिणार होते, पण मागच्या आठवड्यात एका ज्युनिअरचा रात्री साडेअकराला मेसेज आला, तोच देते.

‘ताई, १६९४ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर, कामारेला, इंग्रजांनी हल्ला केला त्यात मार्क्विस ऑफ कारमार्थन जहाजावर होता असं आहे. जून महिना आहे, त्यामुळे सालाचा घोळ नाही, मी दोन्ही रकाने भरून बघितले. पण तो तेव्हा बासष्ट वर्षांचा आहे ना? या वयात तोफांच्या माऱ्यात कसा गेला?’

मी लिहिलं, ‘अगं, बाप मेमध्ये ड्यूक झाला. जहाजावर पेरेग्रिन आहे. त्याचा मुलगा.’

दोन निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं, मग आलं, ‘अकरा पानं लिहिलीत हो ताई.’