पहिल्यांदा एकट्याने विमानाने जाताय? या चुका टाळा

परभणीहून रात्रीची रेल्वे, सकाळी हैदराबादचं काचीगुडा स्टेशन आणि तिथून पुढं हैदराबाद-दिल्ली विमान. माझा पहिला एकटीचा विमानप्रवास असा झाला. आमच्या भागातली पोरं आता शिक्षणाला, मुलाखतीला लांब लांब जाऊ लागलीत. आड येते ती भीती नाही, एसटीची आणि रेल्वेची सवय. सुटत्या गाडीचा डबा पळत गाठता येतो, विमानाचं तसं नसतं.

तिकिटावर छापलेली वेळ विमान निघण्याची. देशातल्या विमानाला बॅग जमा करायचा काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधीच बंद करतात आणि विमानात चढायचं गेट साधारण २५ मिनिटं आधी. त्यामुळं दोन तास आधी विमानतळावर हजर राहा. हैदराबादचं विमानतळ शहराबाहेर, शमशाबादला आहे. रेल्वे दोन-तीन तास लेट झाली तरी गाठता येईल असंच विमान निवडा. आणि मध्यरात्रीनंतरच्या विमानाची तारीख दोनदा वाचा. १५ तारखेला ००:४० चं विमान म्हणजे १४ च्या संध्याकाळीच विमानतळाची वाट धरायची.

दुसरी चूक माझ्या हातून झाली. तिकीट गल्लीतल्या सेवा केंद्रातून काढलं आणि मोबाईल नंबर त्यांचाच राहिला. बॅग जमा करून मी सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभी, तेवढ्यात बाबांचा फोन आला. "अगं, तुझ्या बॅगेत काहीतरी सापडलंय म्हणं, काउंटरवर जा लवकर!" विमान कंपनीनं फोन केला दुकानदाराला, त्यानं बाबांना, बाबांनी परभणीहून मला. पळत गेले. समोरच्या मुलीनं विचारलं, "बॅग में सूखा नारियल है क्या?" होतं. आईनं धपाट्यांच्या डब्याशेजारी खोबऱ्याच्या चार वाट्या जुन्या ओढणीत बांधून ठेवल्या होत्या, दिल्लीत भाजीच्या वाटणाला. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेऊ शकतं, म्हणून जमा करायच्या बॅगेत चालत नाही. वाट्या तिथंच ठेवाव्या लागल्या आणि मला रडू आलं. म्हणून सांगते, बुकिंग कोणीही करू द्या, नंबर स्वतःचाच द्या. विमान उशिरा निघणार असल्याचा मेसेजही त्याच नंबरावर येतो.

खोबऱ्याच्या उलट पॉवर बँक. ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, जमा करायच्या बॅगेत कधीच नाही. तेलाचं लोणचं हातातल्या बॅगेत नको, अडवतात. घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका. वजनाची मर्यादा तिकिटावर असते, बहुधा १५ किलो जमा करायला आणि ७ किलो हातात. घरीच काट्यावर बघून घ्या.

तिकिटावर नाव आधारवरचंच हवं. स्पेलिंग चुकलं असेल तर कंपनीला आधीच फोन करून दुरुस्त करून घ्या, दारावर सुरक्षा जवानाशी वाद घालून काही होत नाही. टर्मिनलही, म्हणजे विमानतळाची कोणती इमारत तेही, वाचा. दिल्लीत टर्मिनल १ आणि ३ एकमेकांपासून काही किलोमीटर लांब आहेत, मुंबईतही दोन्ही टर्मिनल वेगवेगळ्या ठिकाणी आहेत.

आत गेल्यावर फक्त घोषणेच्या भरवशावर बसू नका, बऱ्याच विमानतळांवर घोषणा मोजक्याच होतात. पाटीवर गेट नंबर बघत राहा, तो बदलतो. विमान उतरताना कान दडपले तर आवंढा गिळा किंवा गोळी चघळा.

विमान चुकलंच, तर त्याच कंपनीच्या काउंटरवर जाऊन पुढच्या विमानाचं विचारा. तिकिटाचे पैसे बुडाले तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क मागितल्यावर परत मिळतं. हे आपण होऊन कोणी सांगत नाही, मागावं लागतं.

उतरल्यावर बॅग घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, परत आत सोडत नाहीत. बॅग आलीच नाही तर तिथल्या तिथं लेखी तक्रार नोंदवून पावती घ्या. दिल्लीत पट्ट्यावर माझ्यासारख्या काळ्या बॅगा एकामागून एक येत होत्या. आईनं माझ्या बॅगेच्या मुठीला जुन्या साडीचा हिरवा काठ बांधला होता, तो लांबूनच दिसला.