जुना डीव्हीडी प्लेअर नव्या टीव्हीला आणि अँप्लिफायरला कसा जोडावा

लग्नाच्या, मुंजीच्या, नाटकांच्या डिस्क कपाटात असतात आणि प्लेअरही धडधाकट असतो. अडतं ते नवा टीव्ही आल्यावर, कारण त्याच्या मागे पिवळी-पांढरी-लाल भोकंच सापडत नाहीत. जोडायला घेण्याआधी एक ठरवून टाका: चित्राची वायर टीव्हीला आणि आवाजाची वायर थेट अँप्लिफायरला. टीव्हीतून फिरवून आणलेला आवाज हा नाइलाज म्हणूनच ठेवा.

सगळे स्विच बंद करून प्लेअरची मागची बाजू बघा. एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारं चपटं भोक) असेल तर तीच वायर टीव्हीला लावा. महागडी केबल घेऊ नका. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र बहुतेक वेळा 720 बाय 576चं असतं, ते साध्या केबलमधूनही आरामात जातं.

एचडीएमआय नसेल तर तीन रंगांची वायर: पिवळी चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. नव्या टीव्हीवर बऱ्याचदा ‘एव्ही इन’ लिहिलेलं, इअरफोनच्या पिनचं असतं तसं एकच भोक असतं. त्याची छोटी जोडवायर बऱ्याचदा टीव्हीच्या खोक्यातच येते, म्हणून खोकं रद्दीत देण्याआधी चाचपून बघा. बाजारातून दुसरी आणली तर तिच्या आतली जोडणी वेगळी असू शकते. चित्र नाही आणि स्पीकरमधून नुसती घरघर, असं झालं तर पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या टोकात घालून बघा. बहुधा चित्र येतं. काही टीव्हींवर पिवळं भोकच नसतं, पिवळी पिन हिरव्यात घालायची असते. मग सोर्समध्ये ‘कंपोनंट’ (चित्र तीन वायरींतून घेणारा पर्याय) नाही, ‘एव्ही’ निवडा. नाहीतर चित्र कृष्णधवल दिसेल.

टीव्हीला यातलं काहीच नसेल तर कन्व्हर्टरची डबी घ्या. दुकानात ‘एव्ही टू एचडीएमआय’ असंच सांगा. उलट दिशेची डबी दिसायला अगदी तशीच असते आणि इथे काही कामाची नाही. डबीला यूएसबीतून 5 व्होल्टचा पुरवठाही द्यावा लागतो.

आता आवाज. प्लेअरच्या पांढऱ्या-लाल भोकांतून वायर अँप्लिफायरच्या ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ला लावा. ‘फोनो’ला मुळीच नको. ते रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण सिग्नलसाठी असतं, तिथे डीव्हीडीचा आवाज फाटतो. टीव्हीचा आवाज शून्यावर ठेवा.

होम थिएटर असेल तर आवाज डिजिटल स्वरूपात नेणारी कोअॅक्सिअल किंवा (उजेडातून नेणारी) ऑप्टिकल वायर वापरा. ऑप्टिकलच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची बारीक टोपणं असतात, ती काढायची राहून जातात. प्लेअर चालू करून वायरच्या मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसला की वायर ठीक. तरीही एखादी डिस्क मुकी वाटली तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ (साधा, न दाबलेला आवाज) करा. ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘रॉ’ हा पर्याय डॉल्बी-डीटीएस, म्हणजे डिस्कवर दाबून साठवलेला आवाज, उलगडू शकणाऱ्या यंत्रासाठीच असतो.

ओठ हलायच्या आधीच शब्द ऐकू येत असतील तर वायर बदलत बसू नका. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो आणि आवाज मात्र थेट पोचतो. टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू केला की फरक बराच कमी होतो.

प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘टीव्ही टाइप’ 16:9 करून टाका, म्हणजे माणसं बुटकी-जाडी दिसणार नाहीत. पिवळ्या वायरवर चित्र अचानक गायब झालं तर बहुधा कुणाच्या तरी हातून ‘प्रोग्रेसिव्ह स्कॅन’ (पिवळ्या वायरीतून न जाणारी चित्राची पद्धत) सुरू झालेलं असतं. प्लेअरच्या रिमोटवरचं ‘पी-स्कॅन’ किंवा ‘व्ही-मोड’ बटण दाबून बघा. व्हीसीडी मात्र कशीही जोडली तरी धूसरच दिसणार. तिचं चित्र मुळातच 352 बाय 288चं, तेव्हा जरा लांब बसा.

शेवटी स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज राहिला तर तिन्ही यंत्रं एकाच बोर्डावर घ्या. तरी थांबेना, तर सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल क्षणभर काढा. गुणगुण बंद झाली तर दोष त्या केबलच्या अर्थिंगचा आहे, आणि तो केबलवाल्याकडूनच दुरुस्त करून घ्या.