युरियाची पिशवी फोडण्याआधी देठ तपासा

ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत दरवर्षी तेच होतं. फूट जरा फिकट दिसली की ड्रिपमधून युरिया. आठवड्यात पानं काळीभोर, लुसलुशीत, बघून मन भरतं. मग ढगाळ हवा येते, रिमझिम पडते आणि त्याच मऊ पानांवर डाऊनी (केवडा हा बुरशीचा रोग) उतरते. वरून तेलकट डाग, पान उलटं केलं की पांढरी बुरशी. दोडा अवस्थेत, म्हणजे घड फुलण्याआधी, ती घडात शिरली की गळ आणि कुज थांबत नाही.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या पावसात बांधाला बांध लागून असलेल्या दोन बागा पाहिल्या. वाण एक, फवारण्या जवळपास सारख्याच. युरिया सोडलेली बाग गेली. दुसरीलाही फटका बसला, पण बरेच घड हाती लागले.

नत्र वाढलं की पेशींच्या भिंती नाजूक राहतात, फूट दाटते, हवा खेळत नाही आणि पानं लवकर सुकत नाहीत. बुरशीला तेच हवं असतं. पालाश आणि कॅल्शियमचा तोल सांभाळला तर पान टणक होतं.

एप्रिल छाटणीनंतर ४५ दिवसांनी पाचव्या पानाचे देठ प्रयोगशाळेत तपासले असतील (वेलीत कोणतं अन्नद्रव्य किती आहे ते देठावरून कळतं) तर तो अहवाल आज काढा. नसतील, तर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानांचे ७५ ते १०० देठ बागभर फिरून घ्या. पान लगेच तोडून टाका, देठ कागदी पिशवीत ठेवा. अहवालाशिवाय युरिया नको. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ म्हणून दुकानदार पुढे सरकवतो तो महागडा डबाही अहवाल येईपर्यंत घेऊ नका; कशाची कमतरता आहे हे त्यालाही माहीत नसतं.

बाकी कामं:
- फेलफुटी (घड नसलेल्या फुटी), बगलफुटी (पानाच्या बगलेतल्या फुटी) वेळेवर काढा.
- रोगट पानं बागेबाहेर नेऊन पुरा.
- पावसाआधी मॅन्कोझेब (बुरशीनाशक) ७५ टक्के, २ ग्रॅम प्रति लिटर. निर्यातीची बाग असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची चालू यादी आधी बघा.
- कॅल्शियम नायट्रेट सल्फेट-फॉस्फेटच्या खतांसोबत एका टाकीत नको. त्यातलं नत्रही हिशेबात धरा.

एक माझा अंदाज, कागदावरचा नाही: बाळी (वेलीचा आधार धरणारा ताणा) शेंड्याच्या पुढे झेपावत असेल तर वेलीत नत्र भरपूर आहे. उद्या सकाळी दहा वेली बघा. सहा-सात वेलींवर असं दिसलं तर युरियाची पिशवी शेडमध्येच राहू द्या, पान कितीही फिकट वाटलं तरी.